माळकरी मामाजी आणि वामेच्या पोटातले जंत

मला पाहायला आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी विचारलं, "शिक्षण कुठवर आलं, पोरी?"

"एम.एस्सी. झालं. आता पीएच.डी. करतेय."

"कायच्यात?"

खोटं काही बोलायचं नाही, असं मी सकाळीच ठरवलं होतं. म्हणाले, "नदीतल्या माशांच्या आतड्यात जे जंत असतात ना, त्यांच्यावर."

माझ्या आईनं घाईघाईनं पोह्यांची बशी पुढे सरकवली. त्या गृहस्थांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, कपाळाला बुक्का होता. त्यांनी बशी हातात घेतली, पण खायला सुरुवात केली नाही.

"लेकराइच्या पोटात होतात तसे?"

"तसेच. पण हे माशांचे."

"मंग तुम्ही त्याइले औषध देता का?"

"नाही. आम्ही फक्त पाहतो. कोणत्या जातीचा आहे, कुठे चिकटलाय, कोणत्या ऋतूत जास्त सापडतो."

"निरा पाह्यता?"

"हो."

त्यांनी जरा विचार केला. "बरं हाये," म्हणाले, आणि पोहे खायला लागले. लग्न ठरलं.

माझं माहेर मेहकरकडचं. सासर मलकापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या अलीकडचं गाव. घर शेतकऱ्याचं, पाच-सात पिढ्यांचं माळकरी. घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की शिक्षणाला माझी ना नाही, पण मासोळी या उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि ते काम करून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी यायचं नाही. मला यात काही वावगं वाटलं नाही. प्रश्न फक्त जागेचा होता. मलकापूरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवायचे, पण तिथली प्रयोगशाळा दुपारीच बंद व्हायची. शेवटी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, शेतातली कापूस ठेवायची खोली रिकामी करून दिली. एक जुनं टेबल नेऊन ठेवलं. उजेडासाठी खिडकीपुढची तुरीच्या काड्यांची गंजी हलवली. म्हणाले, "इथं काय करायचं ते कर. मी काही आत येणार नाही."

माझ्या कामात एक अडचण असते. मासा मेला की त्याच्या पोटातला जंतही फार वेळ टिकत नाही. तो मरतो, मऊ पडतो आणि मग हाती लागतो तो नुसता पांढरा लगदा. म्हणून मासा ताजा हवा, जाळ्यातून निघाल्या निघाल्या मिळाला तर उत्तम. त्यासाठी सकाळीच नदीवर जावं लागे. नवरा जळगाव जामोदला शिक्षक, तो पहाटेच्या बसनं निघून जायचा. नदीकडे जाणारी दुसरी बस कधी यायची, कधी नाही. एकदा मी वाट पाहून पाहून परत आले तेव्हा मामाजी अंगणात दात घासत होते. त्यांनी चूळ भरली, मोटरसायकलची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चाल."

त्या दिवसापासून ते मला नदीवर न्यायला लागले. मी खाली पाण्याकडे उतरायचे आणि ते वर काठावर बाभळीखाली नदीला पाठ करून बसायचे. हरिपाठ म्हणत असावेत, ओठ हलायचे.

खाली भोयांच्या दोन-तीन होड्या लागायच्या. तिथेच मला एक भोईणबाई भेटल्या; त्यांना मी मावशी म्हणायला लागले. नवरा गेलेला, मुलगा जाळं टाकायचा, आणि त्या मासोळी टोपल्यात घालून मलकापूरच्या बाजारात बसायच्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी सरकारी माणूस आहे, मासेमारी बंद करायला आले. मी आतडं मागितलं तेव्हा त्यांचा संशय आणखी वाढला.

"मासोळी नाही पायजे, निरा आतडं पायजे? काऊन?"

"त्यात जंत असतात, मावशी. ते मला पाहायचे आहेत."

"त्यात काय पाह्यचं, बाप्पा! आम्ही तं कुत्र्याइले फेकतो."

पण मला वेगवेगळ्या आकाराच्या पूर्ण वामी लागायच्या, मरळ लागायची, म्हणून मी मासेही विकत घेऊ लागले. मोजमाप घेतलं, आतडं काढलं की उरलेला मासा मावशींनाच परत द्यायचे. असं करता करता आमची ओळख झाली. मग त्या माझ्यासाठी एक झाकणाचा डबा वेगळा ठेवायला लागल्या. लांबूनच ओरडायच्या, "ये व माय, तुह्या जंताची सोय करून ठेवली!"

शेतातल्या खोलीत माझं काम चालायचं. वामेचं आतडं लांबीत कापून मिठाच्या पाण्यात पसरायचं आणि वाट पाहायची. जंत असला तर पाण्यात फितीसारखा हलायला लागतो. एक टोक आतड्याच्या भिंतीला रुतलेलं असतं, तिथे ओढाताण केली तर डोकं तुटतं, आणि डोकं तुटलं की ओळख गेली. बारीक ब्रशनं, हळूहळू सोडवावं लागतं. हे मिठाचं पाणी मी ऊर्ध्वपातित पाण्यात मीठ तोलून करायचे. मामाजींना ते कळलं तेव्हा दाराबाहेरूनच म्हणाले, "मिठाचंच पाणी पायजे तं आपल्या विहिरीत काय कमी हाये? सारा खारपाणपट्टा हाये." मी त्यांना समजावलं की मीठ ठरल्याइतकंच लागतं, विहिरीचं पाणी चालणार नाही. "आमच्या पिकाले चालते, तुह्या जंताले चालत नाही," ते म्हणाले, आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

दाराबाहेर बसणारा माणूस हळूहळू दारात बसायला लागला. मग एक दिवस मी ब्रशनं जंत सोडवत असताना मान वर केली तर मामाजी टेबलाजवळ, हात मागे बांधून, वाकून पाहत उभे होते.

"जिता हाये हा?"

"हो, जिवंत आहे."

"आता मरन ना?"

हा माणूस अंगणात मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणारा. मी म्हणाले, "हो मामाजी. मासा मेला की तो मरतोच. मी काढला नाही तरी."

ते त्या हलणाऱ्या पांढऱ्या फितीवर आणखी वाकले. मग म्हणाले, "त्याचं काय चुकलं? त्याचं घरच मेलं."

मी इतकी वर्षं जंतांवर काम करत होते. परजीवी, यजमान, प्रादुर्भाव हे शब्द रोज वापरत होते. जंतांचं कोणाला वाईट वाटू शकतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी मी तो जंत जरा जास्तच सावकाश सोडवला, एवढं आठवतं.

उन्हाळा आला. पूर्णेचं वाहणं थांबलं, जागोजागी डोह उरले. डोहात मासे दाटीनं राहतात, पाणी तेच ते, आणि काठावर बगळे आणि पाणकावळे दिवसभर बसून. अशा दिवसांत मला जंत भरपूर सापडत. माझ्यासाठी ते दिवस चांगले होते. मावशींसाठी मात्र ते फार वाईट ठरले.

कुणीतरी घरी मासा चिरत असताना व्हिडिओ काढला. पोट फाडल्याबरोबर आतून लांबच लांब पांढरी फीत बाहेर येत होती, आणि मागून आवाज येत होता: "पाहा भाऊ, पूर्णेच्या मासोळीत काय निघून राह्यलं! खाऊ नका. याच्यानं कॅन्सर होते." तो व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर गेला. आमच्या गावच्या ग्रुपवर आला, कॉलेजच्या ग्रुपवर आला, माझ्या माहेरच्या ग्रुपवरसुद्धा आला. आईनं फोन करून विचारलं, "हेच का गं तुझं?"

बाजारातल्या मासेवाल्या बायांकडे गिऱ्हाईक फिरकेना. मावशींकडून रोज मासे नेणाऱ्या एका खानावळीनं घेणं बंद केलं. मासे सुकवायचे तरी किती, आणि उन्हाळ्यात ताजे राहतात तरी किती वेळ? टोपलं उकिरड्यावर रिकामं करून त्या घरी जायच्या.

एके दुपारी त्या शेतातल्या खोलीवर आल्या. उन्हात चालत आल्या होत्या, लुगड्याचा पदर डोक्यावर ओढलेला. मामाजींनी त्यांना माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन त्या मला म्हणाल्या, "तू शिकेल हायेस. तू बाजारात येऊन सांग. आमचं कोणी ऐकत नाही. आम्ही म्हणतो काही होत नाही, तं लोकं म्हणतात तुमाले विकायची हाये म्हणून म्हणता."

मी मार्गदर्शक सरांना फोन केला. सर म्हणाले, जा, पण जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा, त्यापलीकडे एक शब्द बोलू नका. त्यांचं बरोबरच होतं. व्हिडिओतला जंत मी पुन्हा पुन्हा पाहिला. तो आतड्यातला नव्हता, पोटाच्या पोकळीत वाढणारा होता. माशाच्या अंगात त्याचं अर्धंच आयुष्य जातं, उरलेलं मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात. मोटरसायकलवर मागे बसून मी हे सगळं मामाजींना सांगत गेले, खरं म्हणजे स्वतःचीच उजळणी करत होते.

बाजाराचा दिवस होता. मावशींच्या शेजारी मी उभी राहिले. बरोबर फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जंतांची एक बरणी आणली होती, लोकांना नीट दाखवता यावं म्हणून. तिथेच चुकलं. बरणी पाहून दोन बाया तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. मी बोलायला लागले. "आम्ही तपासलेल्या जातींमध्ये सामान्यतः असं दिसतं की हे जंत माणसाला बहुधा बाधत नाहीत..."

हातात फोन धरलेला एक तरुण म्हणाला, "बहुधा म्हणजे? बाधू शकतात ना मंग?"

"म्हणजे जगात काही ठिकाणी, कच्चे मासे खाणाऱ्या लोकांत, काही वेगळ्या जातीचे..."

"पाहा! ह्या म्याडमच म्हणून राह्यल्या!"

मी सांगत होते ते सगळं खरं होतं, आणि प्रत्येक खऱ्या वाक्यागणिक मावशींचं गिऱ्हाईक मागे जात होतं. मावशी माझ्याकडे पाहत होत्या. रागानं नाही, काळजीनं, जणू मीच काही संकटात सापडले आहे.

तेवढ्यात मागून मामाजी आले. ते रस्त्याच्या पलीकडे गाडीजवळ उभे राहणार असं ठरलं होतं. मासळीच्या ओळीत त्यांनी उभ्या आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं. पांढरं धोतर, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. बाजारातली निम्मी माणसं त्यांना ओळखायची. सप्त्यात टाळ घेऊन पुढे उभे राहणारे म्हातारे इथे कसे, म्हणून सगळे पाहायला लागले.

"राम राम," ते म्हणाले. "मी मासोळी खात नाही, तुमाले ठाऊक हाये. मले ह्या धंद्यातून काही भेटत नाही. पण माही सून हे काम करते अन् मी तिच्यासंगं राह्यतो. डोळ्यानं पाह्यलं ते सांगतो. जंत पोटात राह्यते. मासोळीचं पोट तुम्ही साफ करून खाता का तसंच खाता?"

"साफ करून," कुणीतरी म्हणालं.

"शिजवता का कच्ची खाता?"

"कच्ची कोण खाते, काका!"

"मंग? कोबीत अळी निघाली तं अळी फेकता का कोबी फेकता?"

फोनवाला तरुण मागे हटायला तयार नव्हता. "काका, व्हिडिओत तं एवढा लंबा होता."

"असन लंबा. पण त्याले बगळ्याच्या पोटात जायचं हाये. तुह्या पोटात त्याचं काय काम?"

लोक हसले. तो तरुणही हसला. मग मामाजी माझ्याकडे वळले. "खरं हाये ना, पोरी?"

"हो," मी म्हणाले. "पोट साफ करा, आतडं फेका, मासा चांगला शिजवा. एवढं केलं तर या जंतांची भीती नाही." त्या दिवसाचं माझं पहिलं सरळ वाक्य ते.

मावशींनी टोपल्यातली एक मोठी वाम घेतली आणि सगळ्यांसमोर विळीवर चिरली. आतडं बाहेर काढलं. ते ठेवायला काही मिळेना तेव्हा मामाजींनी शेजारच्या टोपल्यावरची ॲल्युमिनियमची ताटली उचलली आणि पुढे धरली. मावशी थबकल्या.

"बाबा, तुमी नका..."

"टाक त्याच्यात," मामाजी म्हणाले.

ओलं, रक्ताळलेलं आतडं ताटलीत पडलं. मामाजी ती ताटली दोन्ही हातांत धरून उभे राहिले आणि मी चिमट्यानं आतडं उघडून एकेका माणसाला दाखवत गेले, हा पाहा जंत, इथे आहे, आणि हे माशाचं अंग पाहा, यात काही नाही. त्यांच्या बोटांवरून लाल पाणी मनगटाकडे ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. सगळ्यांचं पाहून होईपर्यंत ते तसेच उभे होते.

बिर्याणीचा गाडा लावणाऱ्या एका चाचांनी पहिले मासे घेतले. म्हणाले, "हमकू तो पहले से मालूम था, पर घरवाली नहीं मान रही थी." त्यांच्यामागून एक बाई आली, मग आणखी एक. टोपलं काही रिकामं झालं नाही, पण उकिरड्यावरही गेलं नाही.

मामाजींनी नळावर हात धुतले. कुणीतरी साबण दिला, त्यानं पुन्हा धुतले. घरी जाताना गाडी चालवता चालवता त्यांनी एक हात नाकाशी नेला. मग मान किंचित मागे वळवून म्हणाले, "वास जाईन ना व?"

"जाईल, मामाजी. लिंबू लावू."

त्या दिवशी त्यांनी आधी अंघोळ केली, मग मी केली. आत्याबाईंनी काही विचारलं नाही. बाजारातून बातमी त्यांच्यापर्यंत आमच्या आधीच पोचली होती.

ती भजनी मंडळापर्यंतही पोचली. मंडळातले एक वडीलधारे देवळाच्या ओट्यावर चारचौघांत म्हणाले, माळ घालून मासोळीचं आतडं हातात धरतो, याला काय म्हणावं? तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण पुढच्या भजनाला मामाजींना निरोप आला नाही. ते आपणहून गेले नाहीत. संध्याकाळी देवळातून टाळांचा आवाज यायला लागला की ते अंगणात खाटेवर बसून राहायचे, बोटं मांडीवर ठेका धरायची. मला ते पाहवायचं नाही. मी एकदा म्हणाले, "मामाजी, माझ्यामुळे झालं हे." ते म्हणाले, "तू कुठं म्हणली होती ताटली धर म्हणून? मले वाटलं, मी धरली." आणि विषय संपवला.

तो गुंता सोडवला आत्याबाईंनी. मासोळी उंबऱ्याच्या आत येऊ न देणाऱ्या आत्याबाई एका सकाळी डोक्यावर पदर घेऊन त्या वडीलधाऱ्यांच्या घरी गेल्या. मीही सोबत गेले, त्यांनी चल म्हटलं म्हणून. ते ओसरीवर पेपर वाचत बसले होते. आत्याबाई बसल्यासुद्धा नाहीत.

"भाऊजी, माह्या मालकानं मासोळी खाल्ली का?"

"नाही खाल्ली, वहिनी, पण..."

"मारली का?"

"नाही."

"हातात धरली. एका रांडव बाईची चूल बंद पडली होती म्हणून धरली. तुमी कपाशीवर फवारणी करता तवा किती जीव मारता? त्याचं कोणी विचारते का तुमाले?"

त्या गृहस्थांनी पेपरची घडी घातली. पुन्हा उलगडली. त्यांच्या बायकोनं आतून चहा आणला, आत्याबाईंनी तो उभ्यानंच घेतला, आणि आम्ही परत आलो. वाटेत त्या मला म्हणाल्या, "मले वास नाही सहन होत. तुह्या कामाचा राग नाही मले." लग्नानंतर इतक्या दिवसांत आम्ही या विषयावर पहिल्यांदाच बोलत होतो.

एकादशीला तेच गृहस्थ स्वतः बोलवायला आले. दारातून म्हणाले, "चला, उशीर होऊन राह्यला." मामाजींनी खुंटीवरचा सदरा काढला आणि निघाले. माफी कुणी मागितली नाही, कुणाला तिची गरजही वाटली नाही.

बाजार पूर्ववत व्हायला पावसाळा उजाडला. ते आमच्यामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. लोकांच्या फोनवर दुसरे व्हिडिओ आले, लोक विसरले. नदीला पाणी आलं, मासे पांगले, जंतही कमी झाले. ती खानावळ काही परत आली नाही. पण मावशींनी आणि त्यांच्या ओळीतल्या बायांनी एक रीत कायमची पाडली: मासा गिऱ्हाइकासमोर चिरायचा, पोट साफ करून, धुऊन मगच पिशवीत घालायचा. आधी जो मागेल त्याला करून मिळायचं, आता न मागता करतात. बाहेरगावचं गिऱ्हाईक त्यासाठी मुद्दाम त्यांच्याकडे येतं.

माझा प्रबंध पूर्ण झाला, पदवी मिळाली. मावशींचे गुडघे गेले, त्या आता घरीच असतात. त्यांच्या जागी त्यांची सून बसते. ती धीट आहे. चिरताना काही वेगळं दिसलं की फोटो काढून मला पाठवते आणि लगेच फोन करते. गेल्या महिन्यात तिनं सांगितलं, "म्याडम, मरळीच्या पोटात बारकं नारंगी काहीतरी हाये, काट्यावानी रुतून बसलं. टाकू का ठेवू?"

"ठेव," मी म्हणाले. "मिठाच्या पाण्यात नको, तुझ्याकडचं मीठ तोललेलं नसणार, तसंच मरळीसकट ठेव. मी येते."